भाड्याचं घर कॉन्डो होतं, तेव्हा नेमकं काय मोजायचं?

मागच्या महिन्यात पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने आपला दोन पानी प्रस्ताव वाचायला दिला. विषय होता, भाड्याच्या इमारती मालकी हक्काच्या होतात तेव्हा परवडणाऱ्या घरांवर होणारा परिणाम. विषय चांगला, भाषाही नीट. पण दुसऱ्या पानावर 'चल' या मथळ्याखाली एकच ओळ होती : परवडणाऱ्या घरांची संख्या. मी विचारलं, "संख्या म्हणजे कशाची? त्या इमारतीतल्या घरांची, त्यात राहणाऱ्या माणसांची, की अख्ख्या शहरातल्या घरांची?" तो म्हणाला, "तिन्ही एकच ना, ताई?"

नाहीत. आणि हा फरक फक्त व्याख्येचा नाही. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या दिसतात. ते शहर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं, गृहनिर्माण हा माझा विषय नाही. पण 'विश्लेषणाचं एकक' ही संकल्पना कुणाला समजावून सांगायची असेल तर मला याच्याइतकं चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिकडे भाड्याची इमारत बहुतेक वेळा एकाच मालकाची असते. आतली घरं वेगवेगळी विकता येत नाहीत, कारण कागदोपत्री ती एकच मालमत्ता असते. 'कॉन्डो रूपांतर' म्हणजे त्या एका मालमत्तेचे कायदेशीर तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक फ्लॅट स्वतंत्रपणे विकता येतो. आपल्याकडे १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आल्यापासून 'ओनरशिपचा फ्लॅट' हा शब्द इतका अंगवळणी पडलाय, की अख्खी चार मजली इमारत एका माणसाची आणि बाकी सगळे भाडेकरू, हे चित्र जुन्या पागडीच्या चाळींपुरतंच उरलंय. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र ते आजही सर्रास दिसतं.

मालकाला रूपांतर का हवं असतं? कारण चार घरांची भाडेकरूंनी भरलेली इमारत एकगठ्ठा विकली तर जी किंमत येते, त्यापेक्षा तेच चार फ्लॅट रिकामे करून सुटे विकले तर खूप जास्त येते. भाडं कायद्याने बांधलेलं असेल तर ही तफावत आणखी वाढते. सॅन फ्रान्सिस्कोत १९७९ साली भाडेनियंत्रण आलं. त्यात चालू भाडेकरूचं भाडं दर वर्षी महागाईच्या काही प्रमाणातच वाढवता येतं. भाडेकरू सोडून गेला की नव्या माणसाला बाजारभाव लावता येतो. म्हणजे वीस वर्षं राहिलेला भाडेकरू मालकाच्या वहीत 'तोटा' म्हणून उभा असतो. वाईट वाटतं वाचायला, पण गणित तसंच आहे, आणि गणित समजून न घेता धोरणाचा अभ्यास करता येत नाही.

म्हणून शहराने रूपांतरावर अटी घातल्या. सहापेक्षा जास्त घरं असलेल्या इमारतींना रूपांतर बंद. बाकीच्यांसाठी वर्षाला २०० घरांची मर्यादा, आणि ती सोडतीने ठरायची. (म्हाडाची सोडत डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे चिठ्ठी मालक टाकतो.) दोनच घरं असतील आणि दोन्हीत मालक स्वतः राहत असतील तर सोडतीतून सूट. वृद्ध किंवा अपंग भाडेकरूला हुसकावलेलं असेल तर दार बंद. सुरुवातीच्या काळात रूपांतर झालेल्या काही घरांवर तर ती बाजारभावापेक्षा कमी किमतीतच विकली जावीत अशीही अट होती. ती अट किती काळ चालायची यावरून पुढे मालक आणि शहर यांच्यात बराच वाद झाला.

२०१३ साली मोठा बदल झाला. सोडतीत वर्षानुवर्षं ताटकळलेल्यांना शहराने एकदाची वाट मोकळी करून दिली, पण तीन गोष्टींच्या बदल्यात. एक, घरामागे २०,००० डॉलर शुल्क, जे परवडणाऱ्या घरांच्या निधीत जाणार (सोडतीत जितकी जास्त वर्षं थांबलात तितकी सवलत). दोन, इमारतीत भाडेकरू असेल तर त्याला आजन्म भाडेकरार द्यायचा. तीन, ही रांग संपली की सोडत निदान २०२४ पर्यंत स्थगित.

आता या अटींकडे संशोधकाच्या नजरेने पुन्हा बघा. आजन्म भाडेकरार कुणाचं रक्षण करतो? माणसाचं. तो भाडेकरू गेला की घर खुल्या बाजारात. कमी किमतीची अट कुणाचं रक्षण करते? घराचं. आत कोण राहतं याच्याशी तिचा संबंध त्याच्या उत्पन्नापुरता. आणि २०,००० डॉलरचं शुल्क? ते ना या माणसाचं रक्षण करतं, ना या घराचं. ते शहराच्या एकूण साठ्यात कुठेतरी, कधीतरी भर पडावी म्हणून आहे. त्या शहरात एक परवडणारं घर बांधायला काही लाख डॉलर लागतात. समजा पाच लाख धरले, तर पूर्ण शुल्क भरून २५ घरं कॉन्डो झाली की एका नव्या घराचे पैसे जमतात. हे माझं पाटीवरचं गणित आहे, त्यात इतर अनुदानं धरलेली नाहीत. पण शुल्काचा आकार समजायला पुरेसं आहे.

म्हणजे 'परवडणाऱ्या घरांची अट' या एका नावाखाली तीन वेगळी आश्वासनं आहेत. "अट यशस्वी झाली का?" या प्रश्नालाही मग तीन उत्तरं असणार. ती मोजून बघितलीत का कुणी? थेट या अटीची नाही, पण तिच्या अगदी शेजारची गोष्ट मोजलेली आहे, आणि ते काम वाचण्यासारखं आहे.

स्टॅनफर्डच्या रेबेका डायमंड, टिम मॅकक्वेड आणि फ्रँकलिन चियान यांचा हा निबंध २०१९ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. प्रश्न भाडेनियंत्रणाचा आहे. पण भाडेनियंत्रण आल्यावर मालकांनी काय केलं, हे शोधताना त्यांची गाठ कॉन्डो रूपांतराशी पडते.

त्यांना सापडलेली फट अशी. १९७९ च्या कायद्यातून चार किंवा त्याहून कमी घरांच्या, मालक स्वतः राहत असलेल्या छोट्या इमारती वगळल्या होत्या. हे 'छोटे मालक' आहेत, यांना कशाला त्रास, असा विचार. १९९४ साली मतदारांनी ही सूट काढून टाकली. पण १९७९ च्या मध्यानंतर बांधलेल्या इमारती कायद्याबाहेरच राहिल्या, कारण नवं बांधकाम थांबू नये म्हणून ती मुदत मूळ कायद्यातच होती. परिणाम काय? १९९४ नंतर एका छोट्या इमारतीवर नियंत्रण आलं आणि शेजारच्या तशाच इमारतीवर नाही, फक्त ती थोडी उशिरा बांधली म्हणून. आत राहणाऱ्या भाडेकरूने घर घेताना इमारतीचं बांधकामाचं वर्ष बघितलेलं असण्याची शक्यता कमी, आणि १९९४ मध्ये काय होणार हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. प्रयोगशाळेत आपण उंदरांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करतो. इथे गट कायद्याने केले, आणि चिठ्ठी १५ वर्षांपूर्वीच्या बांधकाम परवान्याने टाकली. १९८० पूर्वीच्या छोट्या इमारती हा एक गट, १९८० ते १९९० मधल्या छोट्या इमारती हा तुलनेचा गट. मग दोन्ही गटांत १९९४ च्या आधी आणि नंतर काय फरक पडला, आणि त्या दोन फरकांमधला फरक किती, हे बघायचं. डिफरन्स इन डिफरन्सेस म्हणतात ती हीच पद्धत.

मुलाखतीत इथे हमखास एक प्रश्न येतो : जुन्या इमारती जुन्या वस्त्यांत असणार, नव्या नव्या वस्त्यांत, मग तुलना कशी चालेल? रास्त शंका आहे. म्हणून त्यांनी प्रत्येक पिनकोड आणि प्रत्येक वर्ष यांचा एकत्रित परिणाम बाजूला काढला, म्हणजे एका भागातल्या जुन्या इमारतीची तुलना त्याच वर्षी त्याच भागातल्या नव्या इमारतीशी होते. शिवाय १९९४ च्या आधी दोन्ही गट समांतर चालत होते हे आलेखात दाखवलं. हा आलेख नसेल तर पुढचं काही वाचू नका, असं माझे गाइड म्हणतात. थोडं टोकाचं आहे, पण सवय चांगली आहे.

विदा कुठून आणली? मला सगळ्यात आवडलेला भाग हा. त्यांनी इमारतींच्या नोंदींबरोबर माणसांच्या पत्त्यांचा इतिहास जोडला. एका खासगी कंपनीकडे अमेरिकेतल्या प्रौढ व्यक्तींचे एकामागोमाग एक पत्ते होते. त्यामुळे १९९४ मध्ये अमुक इमारतीत राहणारा माणूस २००५ मध्ये त्याच दारात आहे, शहरात दुसरीकडे आहे, की शहराबाहेर गेलाय, हे दिसतं. दुसऱ्या बाजूने मालमत्ता नोंदींतून तीच इमारत आता भाड्याची आहे, कॉन्डो झालीय, की पाडून नवी बांधलीय, हेही दिसतं. माणूस आणि घर, दोघांचा माग वेगवेगळा काढला.

आता निष्कर्ष, त्या तीन प्रश्नांच्या क्रमाने.

माणूस : नियंत्रण आलेल्या इमारतींतले भाडेकरू तुलनेच्या गटापेक्षा १० ते २० टक्के जास्त प्रमाणात आपल्या जुन्या पत्त्यावर टिकले. (हे सापेक्ष टक्के आहेत. 'टक्के' आणि 'टक्के बिंदू' यांत गल्लत करून भले भले लोक सेमिनारमध्ये अडकलेले मी पाहिलेत.) वयाने मोठे आणि आधीपासून बरीच वर्षं राहणारे यांना फायदा जास्त झाला. म्हणजे कायद्याने ज्यांना वाचवायचं होतं, त्यांना वाचवलं.

घर : त्याच इमारतींमधली भाड्याच्या घरांची उपलब्धता १५ टक्क्यांनी घटली. नियंत्रण आलेल्या इमारती कॉन्डोसारख्या मालकी प्रकारात रूपांतरित होण्याची शक्यता ८ टक्के बिंदूंनी वाढली. काही पाडून नव्याने बांधल्या गेल्या, कारण नवं बांधकाम नियंत्रणातून सुटतं. या बदललेल्या घरांत जे राहायला आले त्यांचं उत्पन्न निदान १८ टक्क्यांनी जास्त होतं.

शहर : भाड्याचा साठा आटल्यामुळे शहरभरातली भाडी सुमारे ५.१ टक्क्यांनी वाढली, असा त्यांचा अंदाज. हा शेवटचा आकडा थेट मोजलेला नाही, मॉडेलमधून काढलेला आहे. तो उद्धृत करताना हे सांगायला विसरू नका.

माणूस टिकला, घर गेलं, शहर महागलं. तिन्ही खरं. वर्तमानपत्री लेखात यातलं एकच उचललं जातं. भाडेनियंत्रणाचे विरोधक तिसरं उचलतात, समर्थक पहिलं. आणि दोघेही त्याच निबंधाचा हवाला देतात!

एक बारकावा आणखी आहे. ज्या भागांत घरांच्या किमती भराभर वाढल्या, तिथे थोड्याच वर्षांपूर्वी राहायला आलेल्या भाडेकरूंच्या बाबतीत परिणाम उलटा दिसतो. ते तुलनेच्या गटापेक्षा कमी टिकले. अर्थ सरळ आहे : तिथे मालकाला घर रिकामं करून घेण्यात इतका फायदा होता, की त्याने काहीतरी मार्ग काढलाच. सरासरी बघून थांबला असतात तर हे लोक तुम्हाला दिसलेच नसते.

पण वर्षाला २०० घरांची मर्यादा असताना हे सगळं झालं कसं? याचं उत्तर बाजूच्या दारात आहे, किंवा खरं तर दोन दारांत.

पहिलं दार राज्याच्या कायद्याचं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांता मोनिका शहराच्या बाजूने निकाल दिला, की मालकाला आपली भाड्याची इमारत पाडायला शहराची परवानगी लागेल. त्यावर उतारा म्हणून विधिमंडळाने १९८५ मध्ये एलिस कायदा केला : मालकाला भाड्याच्या धंद्यातून पूर्णपणे बाहेर पडायचं असेल तर शहर त्याला अडवू शकत नाही. सगळ्या भाडेकरूंना नोटीस द्यायची आणि इमारत बाजारातून काढून घ्यायची.

दुसरं दार 'टेनन्सी इन कॉमन', बोलीत टीआयसी. इमारतीचे कायदेशीर तुकडे करायचेच नाहीत. चार कुटुंबांनी मिळून अख्खी इमारत विकत घ्यायची, आणि आपापसांत करार करायचा की पहिला मजला तुझा, दुसरा माझा. नोंदणीत एकच मालमत्ता, म्हणून कॉन्डोचे नियम लागू नाहीत, सोडत नाही. आपल्या वडिलोपार्जित वाड्यात भाऊ खोल्या वाटून घेतात ना, साधारण तसं, फक्त इथे भाऊ एकमेकांना अनोळखी असतात. शहराने २००१ मध्ये अशा करारांवर बंधन घालायचा प्रयत्न केला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केलं. आपल्याच घरात कुणी यायचं हे ठरवण्याचा, म्हणजे खासगीपणाचा हक्क त्यात डावलला जातो, या कारणाने. आणि २०१३ मध्ये शुल्क भरून कॉन्डो व्हायला रांगेत उभे होते ते बहुतांश हेच टीआयसीवाले. म्हणजे शहराच्या अटी लागू होण्याच्या कितीतरी आधी घर भाड्याच्या बाजारातून बाहेर पडलेलं असायचं.

माझ्या ज्युनिअरच्या प्रस्तावातली खरी अडचण इथेच होती. त्याने विदा म्हणून रूपांतराचे मंजूर अर्ज घेतले होते. सॅन फ्रान्सिस्कोत कुणी सोडतीतून मंजूर झालेले तेवढेच मोजले तर वर्षानुवर्षं २०० च्या आसपासची सरळ रेघ दिसेल आणि निष्कर्ष निघेल, 'अट उत्तम चालली आहे'. कायद्याच्या दारातून कोण गेलं हे मोजून कायद्याचा परिणाम कळत नाही. कायद्याच्या आधी जी घरं होती त्या सगळ्यांची यादी करा, आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते बघा.

आता या निबंधातून काय सिद्ध होत नाही तेही बघू. '२०० ची मर्यादा निरुपयोगी' असं यातून म्हणता येत नाही. ती मर्यादा दोन्ही गटांना सारखीच लागू होती. जी गोष्ट दोन्ही गटांत समान, तिचा परिणाम दोन गटांच्या तुलनेतून निघूच शकत नाही. मर्यादा नसती तर ८ चे १८ झाले असते का? माहीत नाही, या रचनेत ते दिसणार नाही. त्यासाठी वेगळी फट शोधायला हवी, उदाहरणार्थ सोडत. सोडतीत कोण जिंकलं हे निदान काही प्रमाणात यादृच्छिक असायचं. जिंकलेल्या आणि हरलेल्या इमारतींची पुढची दहा वर्षं ताडून बघता येतील. फक्त लक्षात ठेवा, सोडतीत उतरणाऱ्या इमारती आधीच बऱ्याचशा मालकांनी भरलेल्या असायच्या. त्यामुळे अंतर्गत वैधता चांगली मिळेल, पण प्रश्न अरुंद होईल.

आजन्म भाडेकराराचा प्रश्न तर न्यायालयातही रेंगाळला. पाकदेल नावाच्या दांपत्याने अशी एक टीआयसी घेतली होती. कॉन्डो करून घेताना भाडेकरूला आजन्म करार द्यावा लागतोय म्हणजे आपली मालमत्ता भरपाईशिवाय घेतल्यासारखं आहे, असा त्यांचा दावा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढंच सांगितलं, की शहराचा निर्णय अंतिम झालेला आहे, तेव्हा दावा ऐका. अट घटनेत बसते की नाही यावर ते बोललंच नाही. बातम्यांचे मथळे मात्र वेगळंच सांगत होते. कायद्यावर काम करणार असाल तर मूळ निकाल वाचा, तो फार मोठा नाही.

मुंबईशी याचा संबंध जोडायचा मोह होतो, आणि एका मुद्द्यापुरता तो खराही आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. पुढे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात, म्हणजे विनियम ३३(७) मध्ये, जुन्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मालकी हक्काने मिळतं. इथे रूपांतराचा लाभार्थी मालक नाही, भाडेकरू स्वतः आहे. माणसाचं रक्षण पुरेपूर. पण त्या जागी भाड्याचं घर म्हणून जे होतं ते कायमचं संपतं. गावाहून नोकरीसाठी येणाऱ्या पुढच्या पोराला तिथे भाड्याने खोली मिळेल ती नव्या मालकाच्या दरात. ज्युनिअरला मी हेच म्हटलं, की तुझा विषय मुंबईत कर, पण तीन स्तंभ कर. त्याने केलेत. तिसऱ्या स्तंभाला विदा कुठून आणायची यावर अजून डोकं खाजवतोय.

विदेवरून एक शेवटची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या भाडे मंडळाकडे दिल्या गेलेल्या बेदखलीच्या नोटिसा १९९७ पासून खुल्या स्वरूपात उपलब्ध आहेत, कारणासकट. एलिस कायद्याचा वेगळा रकाना आहे. सरावाला उत्तम आहेत, उतरवून घ्या. पण त्यात फक्त औपचारिक नोटिसा येतात. मालकाने भाडेकरूला "इतके पैसे घे आणि जा" म्हणून वाटेला लावलं, तर ती नोटीस नसते. असे सौदे नोंदवणं २०१५ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या वर्षांत ती माणसं कुठल्याच सरकारी तक्त्यात नाहीत. ती सापडतात फक्त पत्त्यांच्या इतिहासात, एका ओळीत एक रस्ता आणि पुढच्या ओळीत दुसऱ्याच गावाचा.